बास कोण वाजवतंय? डॉ. लॉनी स्मिथ यांना पहिल्यांदा समोर बसून ऐकलं

आयर्विन_पूल | जुलै २०१७

अकरा वर्षं ज्यांना गाडीतल्या रेडिओवर आणि हेडफोनमध्ये ऐकलं, त्या डॉ. लॉनी स्मिथ यांना परवा रात्री समोर बसून ऐकलं. अगदी समोर. त्यांचा डावा पाय आणि माझी खुर्ची यांच्यात सहा-सात फुटांचं अंतर होतं. घरी आल्यावर झोप लागली नाही. इथे जॅझ ऐकणारे किती आहेत माहीत नाही, पण पेटी ऐकत मोठे झालेले पुष्कळ आहेत, म्हणून इथेच लिहिते.

आधी आजोबांबद्दल सांगते, त्याशिवाय परवाचं नीट सांगता येणार नाही. सांगलीला आमच्या घरी ओसरीवर पायपेटी होती. संगीत नाटकात साथीला असायचा तो ऑर्गन. दोन्ही पायांनी आळीपाळीने दाबून भाता भरायचा, म्हणजे दोन्ही हात सुरांना मोकळे. आजोबा दिवसा कारकुनी करत आणि रात्री गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकांना ऑर्गनची साथ. मी लहानपणी त्या पेटीच्या बाजूला जमिनीवर बसायची. वर काय चाललंय ते दिसायचं नाही, दिसायचे फक्त आजोबांचे पाय. उजवा, डावा, उजवा, डावा. वर तान कितीही जलद जावो, पाय आपले संथ. उजव्या बाजूच्या पट्टीवरचं जाजम घासून त्याची सुतं निघाली होती, कारण त्या पायावर त्यांचा भार जास्त. गाणं पायातून वर चढतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

२००६ साली न्यू जर्सीला आले. कामावरून परतायला उशीर व्हायचा आणि गाडीत ८८.३ एफएम लावायची सवय लागली. हे नेवार्कचं जॅझ वाजवणारं स्टेशन. एका रात्री एक वादन लागलं आणि मी गाडी घराखाली उभी करून ते संपेपर्यंत आत बसून राहिले. सॅक्सोफोनवाले लू डोनाल्डसन, रेकॉर्ड १९६७ची, ‘ॲलिगेटर बूगालू’. सॅक्सोफोन उत्तमच होता, पण माझा कान खाली चाललेल्या आवाजाकडे गेला. गोल, जाड, जमिनीलगत चालणारा बास, म्हणजे खर्जाचा आवाज.

सीडी विकत आणली. मागे नावं पाच. सॅक्सोफोन, कॉर्नेट, गिटार, ऑर्गन, ड्रम. बासवाल्याचं नाव नाही! मला वाटलं छापायचं राहिलं. पुढे त्यांच्या आणखी रेकॉर्ड ऐकल्या, आणि कितीतरी महिन्यांनी एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की बासवाला नाहीच. ऑर्गनवालाच तो वाजवतो, डाव्या हाताने. ऑर्गनवाल्याचं नाव लॉनी स्मिथ. आणि ती रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली होती इंगलवूड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत. म्हणजे आमच्याच न्यू जर्सीत!

त्यानंतर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ लॅकवाना नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे, तिथे १९४२चा जन्म. आईमुळे चर्चचं गाणं आणि जॅझ दोन्ही कानावर पडलेलं. नोटेशन वाचायला कधी शिकले नाहीत, सगळं कानाने. बफेलोत आर्ट कुबेरा नावाच्या गृहस्थांचं वाद्यांचं दुकान होतं. तरुण लॉनी रोज तिथे जाऊन दुकान बंद होईपर्यंत नुसता बसून राहायचा. कुबेरांनी एकदा विचारलं, रोज का येतोस? तो म्हणाला, माझ्याकडे वाद्य असतं तर मी त्यावर पोट भरलं असतं. मग एक दिवस कुबेरांनी त्याला आत नेलं. आत नवाकोरा हॅमंड ऑर्गन. तुला इथून नेता आला तर तो तुझा, म्हणाले. एक पैसा घेतला नाही. लॉनी स्मिथ आयुष्यभर त्यांना देवदूत म्हणत आले. आणि नाव काय, तर कुबेरा! मी हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, नावाला जागला की तो.’

‘डॉक्टर’ ही पदवी विद्यापीठाची नाही, आणि डोक्यावरचा फेटा शिखांचा नाही. फेटा का, हे त्यांनी कधी धड सांगितलेलं नाही आणि मला ते सांगायला नकोही आहे. शोभतो.

या महिन्यात ३ तारखेला त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्या अमृतमहोत्सवाचे कार्यक्रम मॅनहॅटनमध्ये सत्ताविसाव्या रस्त्यावरच्या जॅझ स्टँडर्डला होते. वर खानावळ, खाली तळघरात जागा. जिना उतरताना वरच्या धुरावर भाजलेल्या मांसाचा वास सोबत येतो आणि खाली अंधार. मी पहिल्या सेटला दीड तास आधी पोचले, म्हणून ती खुर्ची मिळाली. गिटारवर जोनाथन क्राइसबर्ग, ड्रमवर जोनाथन ब्लेक. बस, तिघंच.

ते आले. पांढरी दाढी, फेटा, हातात काठी. सावकाश बाकावर बसले. आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही, असं मला वाटलं. मग लक्षात आलं की सूर लागलेला आहे. इतका बारीक, की शेजारच्या टेबलावरच्या पेल्यातला बर्फ हलला तो त्याच्यापेक्षा मोठा वाजला. त्या माणसाने पेला खाली ठेवला. वाढायला आलेली मुलगी ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. शंभरावर माणसं पुढे झुकली. तो सूर ते वाढवत नेत नव्हते, नुसता जिवंत ठेवत होते. रेकॉर्डवर ही जागा आली की मी आवाज वाढवायची, आणि आता कळलं की तसं करून मी ती जागाच घालवत होते.

मग मी खाली पाहिलं. उजवा पाय एका रुंद पट्टीवर टेकलेला, टाच न उचलता घोटा किंचित पुढे-मागे. तीच आवाज कमी-जास्त करायची पट्टी. डावा पाय लाकडी पट्ट्यांवर, दाबत नव्हता, टिचकी मारावी तसा लागून उठत होता. आणि वर डावा हात. तोच तो बास! चार बोटं जवळजवळ न उचलता, गाईने पायवाटेने घरी यावं तसा चाललेला. उजवा हात काहीही करो, गिटारला वाट देवो, अंगावर धावून जावो, डावा हात आपला चालत होता. आजोबांचे पाय होते ते. अकरा वर्षं मी ‘बास कोण वाजवतंय’ असं विचारत होते, आणि तो असा माझ्यापासून सहा फुटांवर बसला होता.

मला रडू आलं. लपवलं नाही.

मध्ये कधीतरी त्यांनी दोन-तीन दांड्या ओढल्या, तळहाताने एक खटका दाबला आणि शेजारच्या लाकडी खोक्यातून असा आवाज उसळला की माझी बरगडी थरथरली. ते स्वतः गुरगुरत होते, हसत होते, ड्रमवाल्याकडे पाहून डोळे मोठे करत होते. शेवटी ती काठी घेऊन उठले. ती काठीही वाद्य आहे! वायर जोडलेली, हाताने थापटून वाजवायची. ती घेऊन टेबलांमधून चालत आले, आणि पंचाहत्तरीचा तो माणूस नाचत होता.

सेट संपल्यावर सगळे त्यांच्याभोवती जमले. मी गेले नाही. मी ऑर्गनपाशी जाऊन वाकून खालच्या पट्ट्या पाहिल्या. दोन-तीन पट्ट्यांवरचं पॉलिश गेलं होतं आणि आतलं लाकूड उजळ दिसत होतं.

साधीसुधी | जुलै २०१७

आयर्विनताई, दोनदा वाचलं. शेवटची ओळ वाचून मला माझ्या आजीचं जातं आठवलं, त्याचा खुंटाही असाच उजळ होता.

मला जॅझचं काही कळत नाही, पण दोन शंका. दांड्या ओढल्या म्हणजे काय? आणि आवाज शेजारच्या खोक्यातून का आला, ऑर्गनमधून का नाही?

सात_मात्रा | जुलै २०१७

मी तबला वाजवतो, नाशिकला. प्रश्न एकच: तिथे सम असते का? तिघं एकमेकांना कुठे भेटतात?

वायरमन | जुलै २०१७

साधीसुधीताई, उत्तर देतो, पण मला या यंत्राचं वेड आहे, त्यामुळे लांबेल.

हॅमंड ऑर्गनमध्ये हवा नाही, भाता नाही, पितळी सूर, म्हणजे पेटीत हवेने थरथरून वाजतात त्या पट्ट्या, नाहीत. लॉरेन्स हॅमंड हे शिकागोचे गृहस्थ मूळचे विजेच्या घड्याळांचे कारखानदार. भिंतीवरचं विजेचं घड्याळ ज्या मोटरवर चालतं ती मोटर वीज पुरवठ्याच्या आवर्तनांना बांधलेली असते, म्हणून तिचा वेग ढळत नाही. हॅमंड यांनी तशीच मोटर घेऊन तिच्यावर दातेरी लोखंडी चकत्या फिरवल्या. प्रत्येक चकतीसमोर एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेची लाट उठते, ती मोठी केली की सूर. अशा ९१ चकत्या. पेटंट १९३४चं, विक्री १९३५पासून. पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशा चर्चना स्वस्तात वाद्य द्यायचं, हा उद्देश.

ताईंनी पाहिला तो बहुधा बी-३. हे मॉडेल पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून १९७४-७५पर्यंत बनलं. वर-खाली दोन पट्ट्या, प्रत्येकी ६१ सुरांची, पायाखाली २५ लाकडी पेडल. बाक आणि पेडलसकट वजन दोनशे किलोच्या घरात. ‘नेता आला तर तुझा’ या वाक्याचा अर्थ आता लक्षात घ्या!

दांड्यांचं असं. आपली पेटी करणारे खर्ज-नर, नर-नर असे सुरांचे संच बसवून देतात ना? एक पट्टी दाबली की दोन सूर एकदम बोलतात. इथे नऊ दांड्या, प्रत्येकीवर आठपर्यंत आकडे. कोणता वरचा-खालचा सूर किती मिसळायचा ते ओढून ठरवायचं, वाजवता वाजवता. म्हणजे वादक स्वतःच पेटी बनवत असतो.

आता ते खोकं. त्याचं नाव लेस्ली, डॉन लेस्ली यांनी बनवलेलं. आत वरच्या बाजूला एक शिंग गरगर फिरतं, खालच्या बाजूला बासच्या स्पीकरसमोर एक पिंप फिरतं. शिंगाला तोंडं दोन, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं फक्त तोल सांभाळायला. फाटकापाशी उभं असताना गाडी शिटी वाजवत निघून गेली की शिटीचा सूर उतरतो. तेच इथे प्रत्येक फेऱ्याला होतं, म्हणून आवाज हलतो, श्वास घेतो. दोन वेग असतात. हळू आणि जलद. ताईंची बरगडी थरथरली ती वेग बदलताना. गंमत म्हणजे हॅमंड यांना हे खोकं अजिबात पसंत नव्हतं, आणि जॅझवाल्यांना त्याच्याशिवाय हॅमंड अर्धा वाटतो.

आणखी एक. पट्टी दाबताना ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. कारखान्याच्या लेखी तो दोष होता. वादकांना तो इतका आवडला की आजच्या नकली ऑर्गनमध्ये तो मुद्दाम घालावा लागतो.

माझं दुःखही सांगतो. आमच्या ओळखीच्या एकांनी अमेरिकेतून असा जुना ऑर्गन पुण्यात आणला. ट्रान्सफॉर्मर लावला, सुरू केला, आणि सगळा बेसूर. खरं तर बेसूर नाही, तीन सूर खाली. तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनं नाही. पांढरी चार दाबली की पांढरी दोन वाजायची, तीही किंचित उतरलेली. घड्याळाची मोटर आहे ना ती! मला बोलावलं होतं, पण तेव्हा माझ्याकडे उपाय नव्हता. तो ऑर्गन विकला गेला, आणि मी त्याचा एकही सूर योग्य जागी ऐकला नाही. म्हणून ताई, तुमचं लिखाण मी जरा हेव्यानेच वाचलं.

आयर्विन_पूल | जुलै २०१७

वायरमनदादा, कितीतरी गोष्टी आज कळल्या. घड्याळाची मोटर हे वाचून अंगावर काटा आला. तो चालता डावा हात आता आणखी वेगळा ऐकू येईल.

सात_मात्रा, तुमच्या प्रश्नाचं मला जमेल तसं उत्तर देते. आवर्तन असतं. ब्लूजमध्ये बारा खंड, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक चक्र समजा. दुसऱ्या कित्येक गाण्यांत बत्तीस खंडांचं. चक्र पुन्हा सुरू होतं ती जागा सगळ्यांच्या मनात असते. पण आपल्यासारखं तिथे येऊन मान डोलवत नाहीत. उलट कित्येकदा ती जागा झाकून पुढे निघून जातात, आणि जाणकाराला ती न वाजवताही ऐकू येते. मी परवा बोटांवर मोजत होते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर पोचले आणि त्याच क्षणी ब्लेक यांनी झांजेवर एकच हलका ठोका दिला. माझ्यासाठी ती सम होती.

सात_मात्रा | जुलै २०१७

समजलं. न दाखवलेली सम. आमचे गुरुजी लग्गीत कधी कधी असं करत. आज रात्री ऐकतो.

ओली_वाट | जुलै २०१७

लिखाण आवडलं, पण एक खटकलं. प्रत्येक गोष्ट आपल्या संगीताशी ताडून का पाहायची? हा ऑर्गन कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आला, मग त्यांच्या वस्त्यांतल्या बारमधून. ऑर्गनवाले जिमी स्मिथ यांनी १९५६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाजवून ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायन यांना थक्क केलं, तेव्हापासून या वाद्याला जॅझमध्ये मानाची जागा मिळाली. त्या लोकांचं जगणं त्यात आहे. आपण त्यात पायपेटी शोधायला लागलो की ते जगणं बाजूला पडतं.

आयर्विन_पूल | जुलै २०१७

ओली_वाट, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि जिमी स्मिथ यांचं नाव माझ्या लेखात यायलाच हवं होतं. त्यांच्याशिवाय यातलं काही घडलंच नसतं. लॉनी स्मिथ लॅकवानाच्या ज्या वस्तीत वाढले ती मी पाहिलेली नाही आणि तिथलं मला कळतं असं म्हणणार नाही. पण मला हेच कान मिळालेले आहेत. ते सांगलीच्या ओसरीवर तयार झाले. ते घरी ठेवून जाता येत नाही. पायपेटीमुळेच मी त्या रात्री खाली पाहिलं, नाहीतर बाकीच्यांसारखी फेट्याकडे पाहत बसले असते.

ओली_वाट | जुलै २०१७

हे मान्य.

मांडवी_पलीकडे | जुलै २०१७

गोंयांतून नमस्कार. आमच्या घरी हे संगीत उलट्या दिशेने आलं. पाद्रीच्या शाळेत व्हायोलिन आणि सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकायचं, आणि मग मुंबईची बोट पकडायची. तिथे हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ आणि स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सगळे त्याच वाटेने गेलेले. माझे थोरले काका ट्रम्पेट वाजवत. दुपारी स्टुडिओत लिहिलेलं वाजवायचं आणि रात्री बारमध्ये मनातलं, असं ते सांगत. मुंबईत १९७८ साली रंगभवनात जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा ते वय झालेलं असूनही गेले होते. परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. काकी घाबरली. तिसऱ्या दिवशी ट्रम्पेट काढून पुसायला बसले. तुमचं ‘झोप लागली नाही’ वाचून ते आठवले.

स्कूलकिल_किनारी | ऑगस्ट २०१७

उशिरा वाचलं. मी फिलाडेल्फियात राहतो, ही तर ऑर्गनवाल्यांचीच पंढरी. जिमी स्मिथ शेजारच्या नॉरिसटाऊनचे, शर्ली स्कॉट, ट्रूडी पिट्स, जिमी मॅग्रिफ इथलेच. मी ज्यांना पहिल्यांदा समोर ऐकलं ते जोई डीफ्रान्सेस्को. सतराव्या वर्षी ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर दौऱ्यावर गेलेला मुलगा. एका हाताने ट्रम्पेट धरून वाजवायचे आणि दुसरा हात ऑर्गनवर. माझा अनुभव ताईंच्या नेमका उलटा होता. शांतता वगैरे काही नाही, पहिल्या क्षणापासून भट्टी पेटलेली. माझा सहा वर्षांचा मुलगा मांडीवर होता, तो घाबरण्याऐवजी हसायला लागला आणि तासभर हसत राहिला.

आणि आयर्विनताई, तुम्ही जर्सीत आहात तर लॅरी यंग ऐकले का? नेवार्कचे. १९६५ची ‘युनिटी’ ऐका. ऑर्गन असा कोरडा, रेखीवही वाजू शकतो हे कळेल.

सेन_नदीवरून | ऑगस्ट २०१७

पॅरिसमध्ये रोडा स्कॉट यांना ऐका. जन्म न्यू जर्सीचा, १९३८चा. वडील पाद्री होते. लहानपणी चर्चच्या ऑर्गनवर बसताना बूट काढायच्या, त्या अजून अनवाणीच वाजवतात. ताईंना पायच पाहायचे असतील तर त्यांच्याइतकं दुसरं कोणी नाही.

आयर्विन_पूल | फेब्रुवारी २०१८

धागा वर काढते आहे, कारण त्याच आठवड्यातलं ध्वनिमुद्रण आता ब्लू नोटने ‘ऑल इन माय माइंड’ नावाने काढलं आहे. तेच तिघं, तीच जागा. मी होते ती रात्र त्यात आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. तरी हेडफोन लावून प्रत्येक टाळी ऐकली. एका रचनेचं नाव ‘देविका’ आहे. का, ते मला ठाऊक नाही, पण नाव वाचून पहिल्यांदा तीच लावली.

आवाज वाढवला नाही. खोलीतले सगळे दिवे, पंखा, फ्रिजसुद्धा बंद करून ऐकलं. तसं केल्यावर तो बारीक सूर पुष्कळ जवळ येतो. करून पाहा.

सात_मात्रा | फेब्रुवारी २०१८

रात्री दोन वाजता ऐकलं. दुसऱ्या ऐकण्यात चक्र सापडलं. झांजेवरचा तो हलका ठोका कुठे पडतो तेही.

आयर्विन_पूल | सप्टेंबर २०१९

हे इथे लिहावं की नाही, पण ज्यांनी धागा वाचला त्यांनाच कळेल. ऑगस्टच्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. माणसं आदल्या दिवशीच वरच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली होती, सगळे सुखरूप. पायपेटी ओसरीवरच राहिली, ती चौघांशिवाय हलत नाही आणि घरात तेव्हा भाऊ एकटा होता. पाणी चार दिवस होतं. भावाने फोटो पाठवला. पट्ट्यांवर गाळाचा थर, पुढची फळी फुगून सुटलेली, आणि खाली जाजमाचा तो घासलेला तुकडा चिखलातही ओळखू येतो. भाऊ विचारतोय, ठेवायची की काढायची. माझ्याने काही बोलवलं नाही.

वायरमन | सप्टेंबर २०१९

ताई, काढायची नाही. भावाला सांगा, उन्हात ठेवू नका, लाकूड तडकेल. सावलीत, वारा लागेल अशा जागी, विटांवर उचलून ठेवा. गाळ ओला असतानाच मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा, वाळला की दगड होतो. आतले सूर पितळेचे असतात, त्यांना पुराने फार काही होत नाही. प्रत्येक सुराची जागा लिहून ठेवून, काढून, पुसून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. भात्याचं कापड गेलं असेल, ते नवीन घालता येतं. डिंकाचे सांधे सुटले असतील, तेही जोडता येतात. घाई करू नका. लाकूड पूर्ण सुकायला वर्ष लागलं तरी लागू द्या.

आयर्विन_पूल | डिसेंबर २०२०

जॅझ स्टँडर्ड बंद झालं. महासाथीत मार्चपासून दार लावलेलंच होतं, आता कायमचं. तो जिना पुन्हा उतरायचा नाही.

सूर मात्र डब्यात सुरक्षित आहेत. भावाने प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी लावली आहे.

स्कूलकिल_किनारी | २९ सप्टेंबर २०२१

ताई, बातमी पाहिली असेल. काल फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला, डॉ. लॉनी स्मिथ गेले. ७९ वर्षांचे होते. फुप्फुसांचा आजार होता. सकाळपासून तुमचा हा धागा आठवत होता.

साधीसुधी | २९ सप्टेंबर २०२१

आयर्विनताई, तुमच्यामुळे मी त्यांना ऐकायला लागले. मी आयुष्यात पाहिलेले नाहीत, तरी घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय. विनम्र आदरांजली.

आयर्विन_पूल | ३ ऑक्टोबर २०२१

सगळ्यांचे निरोप वाचले. चार दिवस काही लिहिता आलं नाही. मार्चमध्ये त्यांची शेवटची रेकॉर्ड आली, ‘ब्रीद’. त्यातलं बरंचसं त्याच जुलैच्या आठवड्यातलं, त्याच तळघरातलं आहे. ती घेऊन ठेवली होती आणि कधीतरी सगळं बंद करून ऐकू म्हणत राहिले. ते गेल्याचं कळल्यावर त्या रात्री ऐकली.

काल सांगलीला फोन केला. यंदा जुलैत पुन्हा पाणी आलं, पण भावाने पायपेटी आधीच माडीवर चढवली होती, चार माणसं बोलावून. लाकूड आता पूर्ण सुकलंय म्हणतो. वायरमनदादा, पुढचं काय करायचं ते सांगा. भाता आधी की सांधे? मिरजेत इतके वाद्य कारागीर आहेत, पण पायपेटीचं काम कोणी घेतं का ते माहीत नाही. आणि जाजमाचा तो तुकडा बदलायचा नाहीये, तो तसाच ठेवून खालची पट्टी जोडता येईल का?

वायरमन | ३ ऑक्टोबर २०२१

सांधे आधी. सांगाडा चौकोनात आल्याशिवाय भात्याचं माप घेऊ नका, नाहीतर कापड एका बाजूला ताणून हवा सुटेल. जाजमाचा तुकडा राहील. कडेने चुका मारलेल्या असतील, त्या हलक्या हाताने उपटा, पट्टी दुरुस्त करा आणि त्याच भोकांत नव्या चुका मारा. मिरजेत मी स्वतः चौकशी करतो. दिवाळीनंतर मला कोल्हापूरला यायचंच आहे, तेव्हा सांगलीला उतरेन. भावाला सांगा, चिठ्ठ्या लावलेला डबा उघडू नका, मी आल्यावर एकेक सूर वाजवून मगच बसवू.

सात_मात्रा | ४ ऑक्टोबर २०२१

तारीख ठरली की कळवा. नाशिकहून तबला घेऊन येतो.